ओठ हलवू नका

प्रोग्रामिंगची, घरून द्यायची परीक्षा सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. एकात एक गुंतलेल्या दोन लूपमधून, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या फेऱ्यांमधून, मी सावकाश बाहेर येत होते, तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट उघडली आणि पर्यवेक्षकाचा इंग्रजी निरोप तीत उमटला. प्रश्न वाचताना कृपया ओठ हलवू नका, एवढेच त्यात म्हटले होते. मी दचकले. तोंडातून आवाज निघाला नव्हता याची मला खात्री होती; खोलीतला पंखासुद्धा माझ्यापेक्षा मोठ्याने बोलत होता. सूचना नियमाला धरून होती, तिची भाषा नम्र होती आणि परीक्षेच्या अटींवर खूण करताना ही अटही मी मान्य केलेली होती, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि पुन्हा कोडकडे पाहिले, तर लूप हातातून निसटलेला. फेऱ्या मोजणारा आतला गणक कितीवर होता, बाहेरचा कितीवर, काही म्हणजे काही आठवेना. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागली. परीक्षा यथावकाश संपली, मी उत्तीर्णही झाले, पण ते वाक्य नंतर कित्येक दिवस मनात सलत राहिले. कोड वाचताना माझे ओठ हलतात हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी सांगितले नव्हते, आणि ते हलणे बंद केले की मला वाचताच येत नाही, हे तर मलाही ठाऊक नव्हते.

परीक्षा जावा १७ ची, म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या सतराव्या आवृत्तीची होती. ऑरेकल कंपनी घेते ती. ५० प्रश्न, ९० मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी ६८ टक्के गुण. एका प्रश्नाच्या वाट्याला पुरती दोन मिनिटेही येत नाहीत, आणि त्यातले बरेचसे प्रश्न ‘खालील कोड चालवला तर काय छापले जाईल’ या जातीचे. चाळिशी ओलांडल्यावर, दहा-बारा जणांच्या गटाची जबाबदारी अंगावर असताना, अशा परीक्षेला बसण्याची हौस कोणालाही नसते. आमच्या कंपनीला एका मोठ्या निविदेत प्रमाणपत्रधारक अभियंत्यांची संख्या लिहायची होती आणि तो रकाना भरण्यासाठी अनुभवी मंडळींनीही पुढे यावे असे ठरले, हे त्यामागचे साधे कारण. शुल्क कंपनी भरणार होती. अनुत्तीर्ण झालो तर गटातल्या कालच्या पोरांना काय तोंड दाखवायचे, ही काळजी मात्र ज्याची त्याने करायची होती.

घरून द्यायच्या परीक्षेची तयारी हा एक वेगळाच सोहळा असतो. टेबल रिकामे हवे, म्हणून कागद, पेन, पाण्याचा तांब्या, देवाच्या नावाने ठेवलेली छोटी डबी, सगळे बाहेर गेले. भिंतीवर मजकूर नको, म्हणून खिळ्यावरचे कालनिर्णय उतरवून ठेवले. त्याच्या मागचा पांढरट चौकोन पाहून ही भिंत गेल्या कित्येक वर्षांत रंगवलेली नाही हे लक्षात आले. लॅपटॉप हातात धरून खोलीच्या चारही भिंती, टेबलाखालची जागा आणि छत कॅमेऱ्याला दाखवले. घड्याळ काढले, केस मागे घेऊन दोन्ही कान दाखवले, चष्मा काढून त्याच्या काड्या दाखवल्या. सासूबाईंना आधीच सांगून ठेवले होते की भूकंप झाला तरी दार उघडायचे नाही, कारण खोलीत दुसरे माणूस दिसले की परीक्षा तिथेच रद्द. त्यांनी ते इतके मनावर घेतले की शेजारच्या काकूंना जिन्यातच अडवून आत शस्त्रक्रिया चालू असल्यासारख्या हळू आवाजात परत पाठवले. एवढे सगळे बंद करूनही एक गोष्ट उघडी राहिली होती, आणि पर्यवेक्षकाला नेमकी तीच दिसली.

ओठात मी म्हणत काय होते, ते मला नीट आठवते. ‘आय दोन. दोन तीनपेक्षा लहान, म्हणजे आत. आता जे शून्यापासून. जे आणि आय सारखे नाहीत, पुढे. छाप. जे एक…’ आय आणि जे ही त्या दोन गणकांची नावे. वाक्ये मराठीत होती. कोड इंग्रजी, प्रश्न इंग्रजी, उत्तराचे पर्याय इंग्रजी, ज्या कार्यालयात वीस वर्षे काढली तिथला सगळा पत्रव्यवहार इंग्रजी, आणि तरीही यंत्र चालवायची वेळ आली की माझ्या डोक्यातले यंत्र मराठीत चालते. इंग्रजीत विचार करता येत नाही अशातला भाग नाही. ग्राहकाशी बोलताना, आराखडा मांडताना मराठी शब्द आसपासही फिरकत नाही. पण ओळीमागून ओळ चालवत जायची असेल, प्रत्येक पायरीला कोणाच्या पोटात काय आहे ते लक्षात ठेवायचे असेल, तर मला ‘आत’, ‘बाहेर’, ‘पुढे’, ‘मागे’ आणि ‘राहू दे’ हे शब्द लागतात.

याचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. सांगलीत अभियांत्रिकीला असताना आमच्या प्रयोगशाळेत संगणक कमी आणि विद्यार्थी भरपूर होते. सी भाषेतले प्रोग्राम लिहायच्या टर्बो सीचा तो निळा पडदा, त्यावरची पिवळी अक्षरे, आणि एका यंत्रापुढे तिघे. आपली पाळी येईपर्यंत रिकामे बसू नये म्हणून आमचे एक प्राध्यापक सगळ्यांना ड्राय रन करायला लावत. जर्नलच्या आखीव पानावर उभ्या रेघा मारायच्या, प्रत्येक चलाला, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाला, एक रकाना द्यायचा, आणि प्रोग्रामची एकेक ओळ वाचत त्या त्या रकान्यात किंमत लिहायची. किंमत बदलली की जुनी खोडायची नाही, तिच्यावर फक्त एक तिरकी रेघ ओढायची, म्हणजे नंतर उलटे चालत मागे जाता येते. सर बाकांमधून फिरत आणि कोणाच्याही पाठीमागे उभे राहून म्हणत, ‘मनात नको, मला ऐकू येऊ दे.’ मग तो मुलगा किंवा ती मुलगी मोठ्याने म्हणू लागे, आणि जिथे आवाज अडखळे तिथे सर फक्त बोट ठेवत. चूक काय आहे हे ते सांगत नसत. बहुतेक वेळा सांगावे लागत नसे.

पण सरांच्याही आधी माझ्या घरात एक माणूस हेच करत होता. वडील सहकारी बँकेत होते आणि मार्चअखेरीला खतावण्या घरी आणत. रात्री जेवणे झाली की सतरंजीवर ते लांबरुंद पुस्तक उघडले जाई आणि वडिलांचे बोट उभ्या रांगेवरून खाली सरकू लागे. ओठ सतत हलत; आवाज म्हणाल तर फक्त स च्या जागी एक शीळ. सात न् आठ पंधरा, पंधरा न् नऊ चोवीस, चाराचे चार, हातचे दोन. या वेळी त्यांना कोणी हाक मारायची नाही असा दंडक होता, कारण हातचा हा कुठेच लिहिलेला नसे. तो ओठांवर असे. कोणी मध्येच बोलले की हातचा जाई आणि रांगेच्या वरच्या टोकापासून पुन्हा सुरुवात. परीक्षेत ती चौकट उघडली तेव्हा माझे अगदी हेच झाले: माझा हातचा गेला.

आता आठवण २००७ सालची. तेव्हा ही परीक्षा सन मायक्रोसिस्टिम्स घेत असे आणि पुण्यात तिला सगळे एससीजेपी, म्हणजे सन सर्टिफाइड जावा प्रोग्रामर, म्हणत. जावा ५ ची आवृत्ती होती. ७२ प्रश्न, तीन तासांना पाच मिनिटे कमी, आणि ५९ टक्के मिळाले की पुरे. नोकरीला लागून फार काळ झाला नव्हता, प्रकल्प मिळाला नव्हता, आणि बेंचवर बसलेल्यांनी काहीतरी करत असल्याचे दिसले पाहिजे या हिशेबाने आम्हाला परीक्षेची तयारी करायला सांगितले गेले. व्हाउचरची रक्कम तेव्हाच्या पगारात डोळ्यांत भरणारी होती. कर्वे रस्त्याच्या आसपास कोणत्याही क्लासच्या पाटीवर जावा, नेटवर्किंगचे सीसीएनए आणि टेस्टिंग ही त्रयी रंगवलेली असे. आम्ही क्लास लावला नाही. चौघीजणी मिळून एकीच्या पेइंग गेस्टच्या खोलीत बसायचो आणि एकमेकींना कोडी घालायचो.

ती कोडी खरोखरच कोडी होती. उदाहरण द्यायचे तर, एका चलात पाच आहेत, आणि पुढची ओळ म्हणते की या चलात, या चलाची किंमत ठेवा आणि मग ती एकाने वाढवा. आय बरोबर आय प्लस प्लस. छापले काय जाईल? सी शिकून आलेली प्रत्येक मुलगी सहा म्हणे. उत्तर पाच. जावा आधी उजवी बाजू सोडवते: जुनी किंमत, म्हणजे पाच, बाजूला काढून ठेवते, मग आय वाढवून सहा करते, आणि शेवटी बाजूला काढून ठेवलेले पाच पुन्हा आयमध्ये ओतते. सहा क्षणभर अस्तित्वात येतो आणि कोणालाही न दिसता जातो. हे नुसते डोळ्यांनी वाचून कळत नाही. ‘पाच बाजूला ठेवले, आय सहा, बाजूचे परत घातले’ असे म्हटले की लगेच कळते. आमच्यातली एक तर ‘बाजूला ठेवले’ म्हणताना खरोखरच डाव्या हाताची मूठ वळून बाजूला ठेवत असे.

दुसरे एक कोडे मला आजही सर्वांत लबाड वाटते. जावा ५ पासून साधा पूर्णांक आपोआप इंटीजर नावाच्या वस्तूत गुंडाळला जाऊ लागला. दोन इंटीजर घ्या, दोन्हींत १२७ घाला, आणि दुहेरी बरोबर चिन्हाने तुलना करा. उत्तर येते की दोन्ही सारखे आहेत. आता दोन्हींत १२८ घाला आणि तीच तुलना करा. सर्वसाधारणपणे उत्तर येते की सारखे नाहीत. कारण दुहेरी बरोबर चिन्ह आतली किंमत पाहत नाही, दोन्ही नावे एकाच वस्तूकडे बोट दाखवतात का, एवढेच पाहते. उणे १२८ ते १२७ या टप्प्यातल्या वस्तू आधीच करून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकाला त्यातलीच दिली जाते; त्यापुढे गेले की ज्याची त्याला नवी. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा संताप आला होता. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाने सीमारेषा पाठ करायची? मग त्या परीक्षेच्या पर्यायांत नेहमी शेवटी बसलेला तो खवचट पर्याय: ‘कोड संकलितच होणार नाही,’ म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवतानाच अडेल. इफच्या, म्हणजे ‘जर’च्या अटीच्या, कंसात तुलनेऐवजी चुकून एकच बरोबर चिन्ह पडले तर सी मुकाट्याने पुढे जाते. पूर्णांक असेल तर जावा तिथेच अडवते. आम्ही निर्धास्त झालो, तर पुढच्याच प्रश्नात पूर्णांकाच्या जागी बूलियन, म्हणजे फक्त होय किंवा नाही साठवणारे, चल बसलेले. तिथे एकच बरोबर चिन्ह चालते, कंसात होकार ठेवला जातो आणि कोड बिनबोभाट आत शिरतो.

कार्यालयातले ज्येष्ठ या सगळ्याची यथेच्छ टिंगल करत. कोड संकलित करणारा कंपायलर फुकट मिळत असताना माणसाने कंपायलर व्हायचे कशाला, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. परीक्षेतला कोड फसवण्यासाठीच लिहिलेला असतो. चलांना ए, बी, सी नावे, क्लासला, म्हणजे कोडच्या स्वतंत्र तुकड्याला, फू किंवा टेस्ट. कशासाठी लिहिले, कोणी लिहिले, कशाचाच पत्ता नाही. असा कोड कोणी प्रकल्पात आणला तर त्याला समज दिली जाईल. उत्तम प्रणाली उभारणारा माणूस या परीक्षेत सहज अनुत्तीर्ण होऊ शकतो आणि उत्तम गुण मिळवणारा दोन ओळींचा सरळ कोड लिहिताना घाम गाळू शकतो. दोन्ही नमुने मी पाहिले आहेत. मीही बरीच वर्षे त्या ज्येष्ठांच्याच बाजूने होते. सनने टपालाने पाठवलेले प्रमाणपत्र, पाकिटात ठेवायचे कार्ड आणि कोटाला लावायची छोटी पिन असा ऐवज आईने कौतुकाने शोकेसमध्ये ठेवला होता. जानेवारी २०१० मध्ये ऑरेकलने सन पुरती ताब्यात घेतली आणि ज्या कंपनीची पिन, ती कंपनीच नावापुरती उरली. पिन अजून आहे. कोट मात्र मी कधीच घातला नाही.

टिंगलीचा दुसरा आणि जास्त खरा आधार होता डम्पचा. परीक्षेला बसून आलेल्यांनी आठवणीने उतरवलेले, किंवा आणखी वाईट मार्गांनी बाहेर आलेले प्रश्न उत्तरांसकट पीडीएफमध्ये फिरत. पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर जाणाऱ्या त्या फायली इतक्या सर्रास होत्या की ‘किती वाचलेस’ याऐवजी ‘डम्प कुठला मारलास’ असे विचारले जाई. त्यात काही उत्तरे चुकीची असत आणि ती चुकीची उत्तरेही लोक निष्ठेने पाठ करत. पाठांतराने उत्तीर्ण झालेल्यांना निविदेच्या रकान्यात तेवढेच स्थान मिळे जेवढे ड्राय रन करून आलेल्यांना, आणि या गोष्टीची चीड मला तेव्हा होती, आजही आहे. पण त्याच चिडीत मला त्या चौकटीतल्या वाक्याचे उत्तरही सापडले. उमेदवाराला ओठ का हलवू देत नाहीत? कारण तो प्रश्न वाचून कोणाला तरी ऐकवत असेल, दुसरीकडे कोणी उतरवून घेत असेल, आणि उद्या तोच प्रश्न बाजारात येईल. पर्यवेक्षकाला माझे वाचणे आणि चोरी यांत फरक करता येणे शक्यच नव्हते. डम्प मारणाऱ्यांनी माझ्या व्यवसायातले पुष्कळ काही नासवले, त्यात हेही एक. पाठांतर करून आलेल्या माणसाला या नियमाचा काहीच त्रास होत नाही, कारण त्याला वाचायचेच नसते. प्रश्नाची पहिली ओळ दिसली की त्याला उत्तराचे अक्षर आठवते.

मधल्या काळात माझे मत पालटले ते परीक्षेमुळे नव्हे, कामामुळे पालटले.

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या गटातला बराच कोड कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र लिहू लागले आहे. मुले दोन वाक्यांत काय हवे ते सांगतात आणि पडद्यावर शंभर-दीडशे ओळी येऊन पडतात. नीटनेटक्या, टिपणांसह, चांगल्या नावांच्या. मी परीक्षेच्या सराव चाचण्या सोडवत होते तेव्हा गटातला एक चुणचुणीत मुलगा माझ्या खुर्चीशी येऊन म्हणाला, ‘मॅडम, हे सगळं तर आता विचारलं की सांगतो तो. पाठ कशाला करताय?’ प्रश्नात उद्धटपणा नव्हता, कीव होती. मी तेव्हा हसून वेळ मारून नेली, कारण त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता: लिहिण्याच्या कामात ही परीक्षा आता फारशी कशाला उपयोगी नाही. पण लिहिण्याचे काम जेवढे उतरले तेवढे वाचण्याचे काम चढले आहे. आपण न लिहिलेला, कोणीच न लिहिलेला कोड रोज समोर येतो आणि तो आत घ्यायचा की नाही हे माणसाने वाचून ठरवायचे असते. तो फसवण्यासाठी लिहिलेला नसतो हे खरे, पण न फसवताही तो इतका सुबक दिसतो की डोळा घसरतो. दीडशे ओळींच्या मधोमध दोन इंटीजरांची दुहेरी बरोबरने केलेली तुलना बसलेली असते. चाचणीतले क्रमांक पन्नासच्या आतले असतात, म्हणून चाचणी हिरवी होते. आणि ज्या दिवशी खऱ्या ग्राहकाचा क्रमांक १२७ ओलांडतो त्या दिवसाची कोणी नोंद ठेवलेली नसते.

माणसाने कंपायलर कशाला व्हायचे, असे ते ज्येष्ठ विचारत. पण १२८ च्या बाबतीत कंपायलर काहीही बोलत नाही. त्याच्या लेखी तो कोड निर्दोष आहे. अडखळायचे असते ते वाचणाऱ्याने.

या दृष्टीने पाहिले तर जावा १७ चा पेपर मला २००७ च्या पेपरापेक्षा जास्त आवडला, हे कबूल करायला हरकत नाही. कोडी त्याच जातीची, पण जागा नव्या. एका प्रश्नात प्रवाहावर, म्हणजे ज्याला सगळे स्ट्रीम म्हणतात त्यावर, गाळणी लावलेली, रूपांतर लावलेले, मध्ये प्रत्येक घटक छापण्याची सोयही केलेली, आणि तरीही पडद्यावर एक अक्षर छापले जात नाही, कारण शेवटची क्रिया लिहिलेलीच नाही. सगळी जुळवाजुळव झाली, पण पाणी सोडलेच नाही. दुसरा प्रकार अनेक ओळींच्या मजकुराचा. तीन अवतरणचिन्हांच्या जोडीमध्ये मजकूर सरळ लिहिता येतो, आणि शेवटची तीन चिन्हे किती आत सरकवून लिहिली आहेत यावर प्रत्येक ओळीपुढची किती जागा गळेल ते ठरते. दीड-दोन मिनिटांत, मिटल्या ओठांनी, रिकाम्या जागा मोजायच्या. बोटाने पडद्यावर मोजू लागले तर त्यावरही सूचना येईल की काय, या धास्तीने मी हात मांडीखाली घेऊन बसले होते. सीलबंद क्लास, रेकॉर्ड, स्विचचे नवे रूप, भाषेतल्या या सगळ्या सोयी नव्या. आणि जुनी ती फाईनली, ट्राय नावाच्या तुकड्यातून बाहेर पडताना शेवटी चालणारी, अजून तशीच. ट्रायमधून एक उत्तर घेऊन निघालेल्याला फाईनलीतल्या रिटर्नने दारात गाठायचे आणि हातातले उत्तर काढून घेऊन दुसरे द्यायचे. ते कोडे पाहून जुनी मैत्रीण भेटल्यासारखे वाटले.

तरीही ही परीक्षा जे मोजते ते अर्धेच आहे, आणि माझ्या मते कमी महत्त्वाचे अर्धे. काय छापले जाईल हे ती विचारते. हे छापले जावे अशी कोणाची इच्छा होती, हे ती कधीच विचारत नाही. प्रकल्पातला कोड वाचताना मी दोन गोष्टी एकदम चालवत असते, एक यंत्र आणि एक माणूस. यंत्र काय करील हे ओठ सांगतात. आणि ही ओळ लिहिणाऱ्याला काय अभिप्रेत होते, तो कुठे घाईत होता, कुठली ओळ त्याने दुसरीकडून उचलून आणली आणि नाव बदलायचे विसरला, हे मन सांगते. या दोन्हींत जिथे फट पडते तिथे दोष असतो. यंत्राने लिहिलेल्या कोडमध्ये हा दुसरा आवाज ऐकू येईनासा झाला आहे, कारण घाईची जागा आणि निवांतपणाची जागा तिथे दिसायला सारखीच असते. अशा कोडसाठी लागणारे वाचन कोणत्या परीक्षेत मोजता येईल, याचा मी बराच विचार केला, आणि प्रत्येक वेळी मला आमची जुनी तोंडी परीक्षाच आठवली. जर्नल पुढे ठेवायचे, बाहेरून आलेले परीक्षक एका ओळीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, ‘हे काय केलंय, सांगा.’ तिथे पाठांतर दोन मिनिटांत उघडे पडे. तिथे अन्यायही भरपूर होत असे, हे विसरून चालणार नाही. परीक्षकाची लहर, इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलांची दांडी गुल होणे, ओळखीच्यांना मिळणारे झुकते माप. जगभर रोज परीक्षा देणाऱ्या उमेदवारांसाठी तेवढे परीक्षक आणायचे कुठून, हा प्रश्न वेगळाच. पन्नास प्रश्न यंत्राने तपासणे स्वस्त पडते आणि सगळ्यांना सारखेच पडते. माझ्याकडे त्यावर तोड नाही.

गटापुरता मात्र एक प्रयोग आम्ही सुरू केला आहे. गुरुवारी दुपारी, जेवणानंतर डोळे जड होतात त्या वेळेला, एक तास कोडवाचन चालते. ज्याने कोड लिहिला किंवा लिहवून घेतला त्याने अवाक्षर बोलायचे नाही. दुसऱ्या कोणीतरी तो पडद्यावर पाहत मोठ्याने चालवायचा. सुरुवातीला सगळे इंग्रजीत वाचत, आणि इंग्रजीत वाचताना जो तो ओळी नुसत्या उच्चारत सुटे, चालवत नसे. वर्तमानपत्र वाचावे तसे. मग मी सांगितले की ज्याला ज्या भाषेत हिशेब येतो त्याने त्या भाषेत वाचावे. त्यावर थोडी कुरकुर झाली, बाकीच्यांना कळणार कसे, म्हणून. पहिल्यांदा नागपूरच्या मुलीने वऱ्हाडी वळणाच्या मराठीत वाचले आणि ‘आता हा गेला तिकडे, पण याच्या हाती काहीच नाही ना’ असे म्हणून कशाकडेच बोट न दाखवणारा एक रिकामा संदर्भ पकडून दिला. खुर्चीशी येऊन मला ‘पाठ कशाला करताय’ विचारणाऱ्या मुलाने पहिले दोन गुरुवार काही ना काही कारण काढून टाळले. तिसऱ्या खेपेला वाचायला बसला तर स्वतःच दुसऱ्या पानावर थांबला आणि म्हणाला, ‘एक मिनिट, परत वरून जातो.’ आमच्यातला गुंटूरचा मुलगा तेलुगूत वाचतो. आम्हाला त्यातले आकडे आणि चलांची नावे तेवढी कळतात, पण त्याचा वेग जिथे मंदावतो तिथे सगळ्यांचे डोळे एकाच ओळीवर जाऊन थांबलेले असतात, आणि आजवर त्या ओळीत काही ना काही निघालेलेच आहे. पुढच्या गुरुवारी व्याजाच्या पूर्णांकनाचा तो जुना क्लास घ्यायचे ठरले आहे, ज्याला कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नाही. तो वाचायचा कोणी, यावरून सध्या वाद चालू आहे.